हात लावू दे गिऱ्हाइकाला

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी कोल्हापूरच्या मॉलमधलं ते नवं दुकान बघून येताना तू एसटीत खिडकीकडे तोंड करून बसलीस आणि पेठ नाका येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. मग एकदम म्हणालीस, "काका, आपण यांच्यापुढे काय टिकणार? एक तर त्यांची फ्रँचायझी घ्यावी, नाहीतर शटर ओढून घ्यावं." तेव्हा मी गप्प राहिलो. माझंच काहीतरी जुनं आठवत होतं, आणि ते गाडीत सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहितोय.

वडिलांचं दुखणं, तू सोडून आलेली पुण्याची नोकरी, वडिलांच्या दुकानाच्या गल्ल्यावर एकटीने काढलेलं हे वर्ष, सगळं माझ्या डोळ्यांसमोर आहे. त्यावर धीर देत बसत नाही. तू कष्टाला कमी पडणार नाहीस हे तुलाही माहीत आहे. सरळ मुद्द्यावर येतो.

मॉलमधल्या त्या नव्या दुकानात तू काय पाहिलंस? पांढरा उजेड, गार हवा, ओळीत लावलेले एकाच रंगाचे डबे, ९९ आणि १४९ च्या पाट्या, दारात उद्घाटनाचे फुगे. घरी येऊन वडिलांनाही तू हेच सांगितलंस. तुझी नजर छताकडे होती. मी हात बघत होतो.

तुला ती काष्टा नेसलेली बाई आठवते का, सरकत्या जिन्यापाशी नातवाचा दंड धरून उभी होती ती? ती आपल्यामागोमाग आत आली. आधी दोन मिनिटं दारातच थांबली, कोणी हटकतंय का बघत. कोणी हटकलं नाही. मग तिने मांडणीवरून एक प्लास्टिकचा डबा उचलला. झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. टक् असा आवाज आला तसा चेहरा सैल झाला. डब्यात नाक घालून वास घेतला. उलटा करून बुडावर नख मारलं. ठेवला, शेजारचा हिरवा घेतला, त्याचंही सगळं तसंच केलं. पाच-सात मिनिटं तरी हे चाललं होतं. "काय पाहिजे मावशी?" असं एकानेही विचारलं नाही. शेवटी तिने तीन डबे घेतले, नातवाला शिट्टी घेतली आणि पैसे देऊन गेली.

अख्खं दुकान त्या पाच-सात मिनिटांत आहे, पोरी. दिवे, फुगे, गाणी नंतर. गिऱ्हाइकाला हात लावू दे. मी तुला एवढंच सांगणार आहे आणि पत्र संपेपर्यंत परत परत सांगणार आहे.

ही काही मॉलवाल्यांनी काढलेली युक्ती नाही. जोतिबाच्या चैत्र यात्रेत 'हर माल दहा रुपये'वाला ताडपत्रीवर ढीग ओततो आणि बायका उकिडव्या बसून तो उपसतात. तो कोणाला थांबवतो का? जपानमधला दायसो हा शंभर येनच्या दुकानांचा सगळ्यांत मोठा व्यवसाय, त्याची सुरुवात अशीच झाली. हिरोताके यानो नावाच्या माणसाने १९७२ साली गाडीत माल भरून गावोगाव उघड्यावर मांडायला सुरुवात केली. वस्तूगणिक किमतीच्या चिठ्ठ्या लावायला सवड मिळेना आणि लोक भाव विचारून भंडावत, म्हणून सगळ्याला शंभर येन म्हणून मोकळा झाला. त्याच्याही नव्वदहून अधिक वर्षं आधी, १८७९ मध्ये अमेरिकेत वूलवर्थने पाच सेंटचं दुकान काढलं. युटिका गावातलं पहिलं दुकान चाललं नाही, काही महिन्यांत लँकेस्टरला दुसरं काढलं ते चाललं. तेव्हा दुकान म्हणजे काउंटर आणि काउंटरमागे नोकर, माल मागितल्याशिवाय दिसायचा नाही. याने माल पुढे आणून ठेवला, भाव लिहिला आणि लोकांना हाताळू दिला. मलेशियाचं मिस्टर डीआयवाय २००५ चं, चीनचं मिनिसो २०१३ चं, ते २०१७ मध्ये आपल्याकडे आलं. रंग बदलले, देश बदलले, मूळ तेच राहिलं: भाव एक, आणि हात मोकळा.

यातलं पहिलं अर्ध मी आयुष्यभर पाळलं. माझ्या दुकानात दोन भाव कधी नव्हते. ओळखीच्याला वेगळा आणि खेड्यातल्याला वेगळा असं मी केलं नाही, आणि ते आजही छातीठोकपणे सांगतो. तुझे वडील साक्षीला आहेत. पण दुसरं अर्ध मला जमलं नाही.

१९९४ चा जून. शाळा उघडायच्या आधीचा आठवडा, दुकानात गर्दी. एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी असेल दहा वर्षांची. तिने काचेच्या शोकेसवर बोट टेकवून आतली कंपासपेटी दाखवली. मी म्हणालो, "काचेला हात नको, डाग पडतात." बाईने विचारलं, जरा दाखवता का? आणि मी बोललो, "घ्यायची असली तर काढतो." त्या मुलीने बोट असं मागे घेतलं जसं काही चटका बसला. बाई "राहू दे" म्हणाली. पुढच्या कोपऱ्यावर हातगाडीवर तशाच पेट्या उघड्या मांडलेल्या होत्या. त्या मुलीने तिथे कर्कटक बाहेर काढून बघितलं, कोनमापक डोळ्यापाशी धरून त्यातून आईकडे पाहिलं, आणि आईने पेटी घेतली. मी गल्ल्यावरून सगळं बघत होतो.

माझा धाकटा भाऊही बघत होता. रात्री तो म्हणाला, दादा, काउंटर मागे सारू, रॅक उघडे करू. मी म्हणालो, "दुकान म्हणजे जत्रा नव्हे." हे वाक्य मी बावीस वर्षं धरून ठेवलं. तीन वर्षांनी तो वेगळा झाला आणि स्टँडजवळ उघड्या मांडणीचं दुकान काढलं. ते अजून चालू आहे. माझं २०१६ मध्ये बंद झालं. लोकांना मी ऑनलाइनचं आणि मॉलचं कारण सांगतो. तुला खरं कारण सांगितलं.

पण माझीही बाजू ऐकून घे. तो काउंटर वडिलांनी कर्ज काढून सागवानात करवून घेतलेला होता. दुकानात मी आणि एक पोरगा, दोघंच. एका दिवाळीत तीन डझन पेनं गेली आणि महिनाभर मी प्रत्येक गिऱ्हाइकाचा खिसा बघत राहिलो. तेव्हा कॅमेरे नव्हते. चोरीची भीती खोटी नव्हती, बाळ. पण तीन डझन पेनांपायी मी किती मुलींची बोटं काचेवरून मागे हटवली, हा हिशेब मी कुठल्याच वहीत मांडला नाही. चोरीचा मांडला.

आता तुझ्या दुकानाचं. चार फूट उंच काउंटर, मागे छतापर्यंत फडताळं, आणि गिऱ्हाईक पायरीवर उभं. बाईला क्लिप हवी असली तर तिने नाव घेऊन मागायची, आणि तिला तर नाव माहीत नसतं! ती म्हणते, "ती अशी अशी असते ना, ती." तू चार प्रकार काढतेस, ती संकोचून पहिलाच घेते आणि पुन्हा येत नाही. आता सांग, आजही गर्दी कुठे असते? बांगड्यांच्या कोपऱ्यात. का? बांगडी भरताना गिऱ्हाइकाचा हात आपल्या हातात असतो. बाई खाली बसते, माप घालून बघते, किणकिण ऐकते, उजेडात मनगट फिरवते. तुमच्या दुकानात हात लावू देणारा तो एकच कोपरा आहे आणि तोच चालतोय. वर्षभर तू त्याच्याशेजारी बसलीस आणि तुला हे दिसू नये? याचाच मला राग येतो. एवढं शिकलीस, पुण्यात मोठ्या कंपनीत तक्ते काढलेस, आणि डोळ्यासमोरची गोष्ट बघायला तुला कोल्हापूरच्या मॉलमध्ये जावं लागलं.

रागावलो खरा. पण मला ती बावीस वर्षांत दिसली नाही, तुला एका वर्षात दिसली तरी खूप झालं.

फ्रँचायझीचं थोडक्यात सांगतो, कारण माझं मन त्यात नाही. मॉलचा करार नीट वाच. किमान भाडं किंवा विक्रीचा टक्का, दोन्हींत जे जास्त ते, असं कलम बहुधा असतं. देखभालीचा आकार वेगळा. ९९ ची वस्तू आणि कर १८ टक्के धरला तर १५ रुपये १० पैसे सरकारचे, उरलेल्या ८३ रुपये ९० पैशांत मालाची किंमत, भाडं, पगार, वीज आणि कंपनीचा वाटा. माल कुठला ठेवायचा हे कंपनी ठरवणार. संक्रांतीला आपल्याकडे बायका वाणासाठी डझनाने माल नेतात. करंडे, चाळण्या, छोटे डबे, आरसे. सव्वीस नग एकाच रंगाचे द्या म्हणतात. हे त्या कंपनीच्या संगणकाला कोण सांगणार? तू सांगणार का?

उलट, तुझी संक्रांत त्यांच्या पद्धतीने कर. दहाचं टेबल, वीसचं टेबल, तिसाचं टेबल. प्रत्येकावर भावाची पाटी ठसठशीत. कोणी काय पाहिजे विचारायचं नाही. बाईने करंडा उघडू दे, मिटू दे, दहा वेळा. मोडला तर मोडला. वर्षाला हजार-दोन हजारांचं मोडेल, ते जाहिरातीचे पैसे समज. कात्र्या, अत्तरं, मोत्यांचे सेट तेवढे काचेत राहू दे. बाकी सगळं पुढे आण. कॅमेरा लाव आणि मग त्याच्याकडे सारखी बघू नकोस, गिऱ्हाइकाला ते कळतं.

आणि माल भरताना तूही हात लाव! पुण्याच्या बोहरी आळीत, घाऊक बाजारात गेलीस की नमुना बघून गोणी उचलू नकोस. वस्तू उलटी कर. पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, कमाल किंमत आणि तक्रारीचा नंबर हे छापलेलं असलंच पाहिजे. खेळणी घेताना आयएसआयची खूण बघ, १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. बिनखुणेचा स्वस्त माल कोणी गळ्यात मारायला आला तर नको म्हण. झाकण टक् वाजतं का, बुड दबतं का, रंगाचा वास येतो का, हे त्या काष्टावालीने बघितलं तसं तू आधी बघ. ती तुझ्या दुकानात बघणारच आहे, कारण तू तिला हात लावू देणार आहेस.

वडिलांना हे सांगायला तू घाबरतेस, हे मला गुरुवारीच कळलं. काउंटर काढायचं म्हटलं की त्यांना वाटेल आपल्यालाच काढलं. तू सांगू नकोस, मी सांगतो. त्यांचा मी चाळीस वर्षांचा मित्र, माझं दुकान का बुडालं हे मी त्यांनाही अजून खरं सांगितलेलं नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. आपल्या सुताराशी बोलून ठेवलं आहे. तुझ्या काउंटरची सागवानी फळी विकू नकोस, कोणी कितीही देऊ दे. खालचा भाग कापून कमरेइतकं मेज करू आणि ते दारात, उजेडात ठेवू. वडिलांना खुर्चीसकट तिथे आणून बसव, डावा हात मेजावर टेकेल असं. आणि पहिल्या दिवशी त्यावर कंपासपेट्या मांड, झाकणं उघडी ठेवून.

तुझा,
काका