चार वर्षांच्या मुलीला घेऊन सफारी?

प्रश्न: मुलगी 4 वर्षांची, मुलगा 7 चा, मे महिन्यात केनियातलं मसाई मारा अभयारण्य करावं का?

उत्तर: जा हो, नक्की जा, पण मारामध्ये मलेरिया असतो आणि केनियाहून भारतात परतताना यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, लस किमान 10 दिवस आधी घ्यायची, म्हणून एवढ्या लहान मुलीसाठी मी तरी साउथ आफ्रिकेतलं पिलानेसबर्ग नॅशनल पार्क सुचवेन, तिथे मलेरिया नाही, जोहान्सबर्गहून गाडीने साधारण अडीच तास, आणि स्वतःची गाडी घेऊन फिरता येतं म्हणजे पोरगी कंटाळली की लगेच परत. बऱ्याच लॉजमध्ये 6 वर्षांखालच्या मुलांना उघड्या जीपमध्ये घेत नाहीत, बुकिंगआधी विचाराच. पिलानेसबर्गला मे महिन्यातही पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटर-कानटोप्या हव्यातच.