'अपीझमेंट' म्हणजे लांगूलचालन?

प्रश्न असा आहे: म्युनिक करारानंतर (१९३८ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सनं चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरच्या जर्मनीला देऊन टाकला, तो करार) ब्रिटिश संसदेत झालेल्या चर्चेचा मराठी अनुवाद करताना 'अपीझमेंट'ला, म्हणजे समोरच्याच्या मागण्या मान्य करून शांतता राखण्याच्या धोरणाला, 'लांगूलचालन' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते अजिबात चालणार नाही. ३ ऑक्टोबर १९३८ रोजी पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन कॉमन्स सभेत म्हणाले, की अपीझमेंटकडे नेणारी वाट लांबची आहे आणि अडथळ्यांनी भरलेली आहे. या वाक्यात 'लांगूलचालन' घालून मोठ्यानं वाचून पाहा. भर सभागृहात स्वतःच्या धोरणाला असं कोण म्हणेल? त्यांच्या तोंडी तो शब्द अभिमानाचा होता. तो आला फ्रेंचमधून, आणि त्याच्या पोटात 'शांतता' आहे: खवळलेल्याला शांत करणं, तंटा मिटवणं. मराठीत याच वजनाचा शब्द आहे 'सामोपचार'. मार्च १९३९ मध्ये हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरलं, मग युद्ध पेटलं, आणि शब्दाला काळिमा लागला तो तेव्हा.

आता 'लांगूलचालन'. लांगूल म्हणजे शेपूट. भर्तृहरीच्या नीतिशतकात कुत्रा शेपूट हलवतो, पायाशी लोळतो, तोंड आणि पोट दाखवतो. आणि हे सारं 'पिण्डद' म्हणजे घास देणाऱ्यापुढे. इथेच मोठी गफलत होते. म्युनिकमध्ये घास देणारा ब्रिटन होता (घास चेकोस्लोव्हाकियाच्या ताटातला, ही त्यातली खरी वेदना) आणि खाणारा हिटलर. ५ ऑक्टोबरला या धोरणाचे कडवे टीकाकार खासदार विन्स्टन चर्चिल यांनी नेमकं हेच चित्र उभं केलं: हुकूमशहाला टेबलावरून अन्न हिसकावून घ्यावं लागलं नाही, ते त्याला एकेक पदार्थ करत वाढलं गेलं. त्याच भाषणातला हिशेब तर मला तोंडपाठ आहे. हुकूमशहानं पिस्तूल रोखून आधी १ पौंड मागितला. तो दिल्यावर २ मागितले. शेवटी स्वारी १ पौंड १७ शिलिंग ६ पेन्सवर राजी झाली आणि बाकीच्यापोटी सदिच्छेची आश्वासनं. म्हणजे घासाघीस करून सुटले ते अवघे अडीच शिलिंग (तेव्हा पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगचे १२ पेन्स होत)! इथे शेपूट कुणीच हलवत नाही. भीतीपोटी खिसा रिकामा होतो आहे. याला आपल्याकडे 'बोटचेपं धोरण' म्हणतात, आणि विरोधकांच्या टीकेचा सूर पकडायला ते चपखल बसतं.

चर्चिलना हा शब्द मुळातच वाईट वाटत होता असंही नाही. डिसेंबर १९५० मध्ये त्याच सभागृहात ते म्हणाले, की दुबळेपणातून आणि भीतीतून केलेलं अपीझमेंट घातक, पण सामर्थ्यातून केलेलं उदात्त. 'लांगूलचालन' उदात्त कसं असेल? 'सामोपचार' असू शकतो.

तेव्हा चेंबरलेन यांच्या तोंडी 'सामोपचार' ठेवा. तुमच्या स्वतःच्या निवेदनात, म्हणजे आज मागे वळून पाहताना, 'अनुनय' वापरा. त्यात मनधरणीही आहे आणि नमतं घेणंही. 'तुष्टीकरण' मात्र टाळा. आपल्याकडच्या निवडणूक प्रचाराचा वास त्याला इतका चिकटला आहे, की वाचक १९३८ च्या लंडनमध्ये पोचणारच नाही.