गाडी उलाळ भरू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांची 1968 सालची फियाट सावंतवाडीजवळच्या गावी शेडमध्ये आहे, इंजिन जाम आहे, मित्राकडे इसुझूचा व्ही-क्रॉस पिकअप आहे. ट्रेलरवर घालून आंबोली घाटातून बेळगावला ओढून आणता येईल का, की पिकअपला घाट झेपणार नाही?

झेपेल. नवा व्ही-क्रॉस 1.9 लिटरचा, 163 पीएसचा (पीएस म्हणजे अश्वशक्तीच समजा). युरोपात हाच पिकअप साडेतीन टनांपर्यंतचा ट्रेलर ओढतो. फियाट 1100 भरते साधारण नऊशे किलो, खाली लोखंडी ट्रेलर साडेचारशे-पाचशेचा. चौदाशे किलो ओढून आंबोली चढणं हे त्या इंजिनाला काही फार नाही. (मित्राच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते मात्र वाचा, आपल्याला तेच लागू.) मी 2019 च्या डिसेंबरात मामांची फियाट याच रस्त्यानं आणली, तीही जुन्या 2.5 लिटरच्या, 134 पीएसच्या गाडीनं. घाट चढताना इंजिनानं एकदाही तक्रार केली नाही. आमची फजिती झाली ती घाट संपल्यावर, सपाटीला. म्हणून ते आधी सांगतो.

मामांची फियाट अकरा वर्षं शेडमध्ये नाक आत करून उभी होती. पुढं भिंत, दोन्ही बाजूंना नारळाची सोडणं आणि जळण. चारही टायर बसलेले, मागच्या डाव्या चाकाचे ब्रेकशू ड्रमला चिकटलेले. ते चाक जॅकवर घेऊन ड्रमवर लाकडी हातोड्यानं ठोकत बसलो, तासाभरानं सुटलं. मग ट्रेलरच्या पुढच्या खांबावरचा विंच (दोर गुंडाळून ओढणारा रहाट) लावून गाडी मागं ओढली. साहजिकच ती शेपटीकडून बाहेर आली आणि शेपटीकडूनच ट्रेलरवर चढली. डिकी पिकअपकडं, इंजिन ट्रेलरच्या मागच्या टोकाला. त्यात फियाटची डिकी लांब, तिचा बंपर विंचच्या खांबाला टेकला, त्यामुळं गाडी हवी त्याच्या फूटभर मागंच राहिली. अंगणात वळवायला जागा नव्हती, अंधार पडत आलेला, मामी चहा घेऊन उभ्या. ‘राहू दे तशीच’ म्हणून आम्ही पट्टे आवळले आणि चहाला गेलो.

घाटात वीसच्या स्पीडनं काही कळलं नाही. आंबोली मागं पडली, कानूर आलं, रस्ता सरळ झाला, मित्रानं काटा साठवर नेला. एका उताराला डाव्या आरशात फियाटच्या डिकीचा कोपरा दिसला. मग उजव्या आरशात दुसरा कोपरा. मग परत डाव्या. पिकअपची शेपटी कुणीतरी धरून हलवतंय असं बसल्या जागी जाणवायला लागलं. मित्रानं घाबरून ब्रेक मारला, तसा ट्रेलर आणखी जोरात फिरला. मी ओरडलो, ब्रेक सोड, पाय वर घे, स्टिअरिंग सरळ धर. दहा-बारा सेकंदांत चाळिशीवर येऊन झोका थांबला. समोरून त्या वेळी ऊसाचा ट्रॅक्टर आला नाही, एवढंच नशीब.

चाळीसच्या आतच नागनवाडीकडं सरकलो आणि एका काजूच्या कारखान्यापुढं थांबलो. कट्ट्यावर बसलेले एक आजोबा उठून आले, ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “उलाळ भरलीसा की वो गाडी! बैलं टांगली जातील असल्यानं.”

ज्यांनी बैलगाडी हाकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीत माल मागं जास्त झाला की जू वर उचललं जातं, त्याला गाडी उलाळ होणं म्हणतात. शहाणा गाडीवान माल भरताना जुवाकडं थोडं वजन ठेवतो. ट्रेलरचं अगदी तेच आहे. हूकवर खाली दाब पाहिजे, ट्रेलर आणि गाडी मिळून जे वजन होईल त्याच्या दहा ते पंधरा टक्के. चौदाशे किलोला एकशेचाळीस ते दोनशेदहा. त्यापेक्षा बराच कमी दाब असला तर ट्रेलर विशिष्ट स्पीडच्या वर झोके घ्यायला लागतो आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. जास्तही नको. पिकअप मागं बसतो, हेडलाइट झाडांवर पडतात आणि पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेत फॅब्रिकेशनचं काम करतो. रोज लोखंड इकडचं तिकडं करणारा माणूस, आणि हे मला रस्त्यावरच्या आजोबांकडून ऐकावं लागलं. कारखान्यातला पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा मागून आणला, ट्रेलर हूकवरून सोडवला आणि पुढचं टोक काट्यावर टेकवलं. भरले तीस किलो. मग फळ्या लावून फियाट उतरवली, कारखान्यातल्या सात-आठ जणांनी हात लावले, रस्त्याकडेला वळवली आणि नाक पुढं करून चढवली. एक हिशोब लक्षात ठेवा: हूकपासून ट्रेलरच्या आसापर्यंत दहा फूट असतील, तर नऊशे किलोची गाडी फूटभर पुढं सरकवली की हूकवर नव्वद किलो वाढतात. म्हणजे चार-चार बोटांनी सरकवून बघायचं. आम्ही एकशेसाठवर थांबलो. पुढं शिनोळीपर्यंत साठनं आलो, ट्रेलर मागं आहे हे विसरायला होत होतं.

पट्टे बांधताना बंपरला किंवा बॉडीला बांधू नका. खड्ड्यात स्प्रिंग दबली की पट्टा ढिला पडतो, वर आली की हिसका बसतो. चाकांवरून किंवा आसाला धरून रॅचेटचे चार पट्टे घ्या, दोन पुढं ओढणारे, दोन मागं. निघाल्यावर पहिल्या दहा किलोमीटरला ते हमखास सैल होतात. तुमच्या वाटेवर दाणोलीला साटम महाराजांच्या समाधीपाशी थांबाच, हात जोडा आणि पट्टे आवळा. तिथनं पुढं घाट लागतो, मग सोयीची जागा मिळत नाही.

घाटासाठी दोनच गोष्टी. पहिली, पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा. धबधब्यापाशी गाड्या दोन्ही कडेला लावलेल्या असतात, तुम्ही चढावर अडकता, आणि दर चार फुटांना क्लच सोडून परत उचलायचं म्हणजे अर्ध्या तासात जळका वास सुटतो. पहाटे निघा. दुसरी, वळणावर ट्रेलर पिकअपच्या मागोमाग येत नाही, आतून कापत येतो. आतल्या बाजूला गटार असेल तर चाक त्यात जाणार. शक्य तेवढं बाहेरून घ्या, आणि वळणाच्या आधी वरून एसटी येतेय का ते बघून थांबा, कारण वळणात अडकल्यावर ट्रेलर मागं घेणं सोपं नसतं. एकाला चाकामागं लावायची पाचर घेऊन तयार ठेवा, लॉरीवाल्यांचा क्लीनर उगाच नसतो. आणि ओढायला जोर मिळेल म्हणून कोरड्या डांबरावर फोर-व्हील घालू नका. या गाडीत पुढचे-मागचे आस एकत्र जखडले जातात, वळणावर चाकं अडखळतात.

तुम्ही चढून येणार, त्यामुळं ब्रेकची परीक्षा तुमच्या वाट्याला कमी आहे. जाताना रिकामा ट्रेलर असेल, तो नुसता उड्या मारतो. पण पुढं कधी गाडी कोकणात किंवा गोव्याला खाली न्यायची झाली तर हिशोब उलटा होतो. पिकअप, ट्रेलर, फियाट मिळून साडेतीन टनांच्या आसपास. आंबोली साधारण 690 मीटरवर, सावंतवाडी जवळजवळ समुद्रसपाटीलगत. सहाशे मीटर उतरताना जी उष्णता तयार होते तिच्यात साठ लिटर पाणी उकळायला लागेल, आपल्या न्हाणीतले तीन-चार बंब. ती सगळी ब्रेकमध्ये जाऊ द्यायची की इंजिनावर सोडायची, एवढाच प्रश्न. दुसरा गिअर घाटमाथ्यावरच टाका, ब्रेक सतत दाबून धरू नका. ब्रेक ऑइल जुनं असेल तर आधी बदला. डॉट 3 प्रतीचं नवीन ऑइल 205 अंशांना उकळतं, ओल धरल्यावर 140 लाच, आणि उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं. युरोपात 750 किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक सक्तीचा आहे. आपल्याकडं भाड्यानं मिळणाऱ्या कितीतरी ट्रेलरला तो नसतो. मी तरी बिनब्रेकच्या ट्रेलरवर गाडी घाट उतरवणार नाही, फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेणारा ट्रक) बोलावीन. तिलारी घाटाचा तर ट्रेलर घेऊन विचारच करू नका, चढायलाही नाही.

कुणीतरी तुम्हाला म्हणेल, ट्रेलर कशाला, टोचन लावून (दोरानं मागं बांधून, चाकांवरच ओढत) आणा. नको. टोचन फक्त रस्त्यात बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजला न्यायला आहे. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही आणि वेग ताशी पंचवीसच्या आत. शंभरएक किलोमीटरवरचं बेळगाव हे ‘जवळचं गॅरेज’ कुठल्या पोलिसाला पटणार? शिवाय वर्षानुवर्षं उभ्या गाडीच्या ब्रेकच्या भरवशावर घाटात मागं कोण बसणार? आणि मागची चाकं रस्त्यावर फिरत राहिली की प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्स आणि मागची चाकं जोडणारा दांडा) गिअरबॉक्सला फिरवतो, पण इंजिन बंद असल्यानं आतलं ऑइल वर उडत नाही, बेरिंग कोरडं चालतं. बंद पडल्यावर दोन-चार किलोमीटरच ओढायची वेळ आली तर शाफ्टचे बोल्ट काढून ठेवा.

कागदांचं म्हणाल तर कायद्यानं ट्रेलर हेही मोटार वाहनच, त्याला स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं. नसलं आणि काही झालं तर विमा कंपनी आधी तेच विचारणार. शिनोळी सोडून कर्नाटकात बाचीकडं येताना आम्हाला पोलिसांनी अडवलं होतं. “एल्ली होंटीरी?” म्हणजे कुठं निघालात? मी आरसी, मामांचं पत्र आणि माझं आधार पुढं केलं. साहेबांनी कागद वाचलेच नाहीत, फियाटच्या स्टिअरिंगजवळचा गिअर हलवून बघितला, “नम्म अप्पन हत्तर इत्त” म्हणाले. त्यांच्या वडिलांकडंही एक होती. पण दरवेळी असं होईलच असं नाही, आजोबांच्या नावाची आरसी आणि वारसाचा कागद जवळ ठेवा. गाडी पन्नास वर्षांच्या वर गेलीय, तर 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणीही घेता येईल. नव्या नोंदणीला ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर आणि वीस हजार रुपये, दहा वर्षांसाठी. मात्र मग ती रोज बाजारात न्यायची नाही, प्रदर्शन-रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच.

ते सगळं नंतर. गावाकडं फोन करून आधी एवढं विचारा, गाडी शेडमध्ये नाक आत करून उभी आहे की बाहेर? आत असेल तर अंगणात ती वळवायला किती जागा आहे तेही मोजायला सांगा.