हात काढायच्या आधी व्हिडिओ थांबव

अगं,

परवा फोनवर विचारलंस ना, की स्ट्रॅटेजीच्या तासाला रिअ‍ॅलिटी शो दाखवला तर पोरं सिरीयसली घेतील का, तेव्हा मी घाईत होतो म्हणून नुसतं हो म्हणालो, आता नीट लिहितो. दाखव, नक्की दाखव. फक्त निर्णय व्हायच्या आधी व्हिडिओ थांबवायचा, सगळी गंमत तिथेच आहे.

सुरुवात अमेरिकेच्या सर्व्हायव्हरच्या पहिल्या सीझनपासून कर, बेटावर राहायचं आणि मतं देऊन एकेकाला बाहेर काढत जायचं असा तो शो. २००० साल, मलेशियातलं पुलाऊ तिगा बेट, १६ माणसं, ३९ दिवस, बक्षीस १० लाख डॉलर. शेवटी तिघं उरतात: रिचर्ड हॅच, केली विगल्सवर्थ आणि रुडी बोश, सत्तरी ओलांडलेला निवृत्त नेव्ही सील, म्हणजे अमेरिकन नौदलाचा कमांडो. शेवटची स्पर्धा अशी: मूर्तीला हात लावून उभं राहायचं, जो शेवटपर्यंत टिकेल तो उरलेल्या दोघांपैकी एकाला घरी पाठवणार आणि मग बाहेर गेलेल्यांपैकी शेवटचे ७ जण ठरवणार की पैसे कुणाला. रिचर्ड उभा आहे, दमलाय असंही काही नाही. इथे थांबव. प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला लाव, तू रिचर्ड असतास तर काय केलं असतंस? नव्वद टक्के पोरं लिहिणारच की जीव गेला तरी हात काढणार नाही. चिठ्ठ्या गोळा कर आणि मग पुढे चालव.

तो आपणहून हात काढतो आणि खाली उतरतो!

वर्गात आवाज होईल, होऊ दे, लगेच समजावू नकोस. पोरांना फळ्यावर उलटं मोजत यायला सांग. रिचर्ड जिंकला असता तर त्याला रुडी किंवा केली, एकाला निवडावं लागलं असतं. रुडीला घेतलं तर तो सगळ्यांचा लाडका, त्याच्यापुढे हरायची भीती. केलीला घेतलं तर शेवटपर्यंत सोबत राहायचा रुडीला दिलेला शब्द मोडला आणि रुडीचं मतही गेलं. म्हणजे जिंकूनही अडचणच. आणि हरला तर? रुडी जिंकला तर शब्दाचा पक्का म्हणून रिचर्डलाच नेणार, केली जिंकली तर तिलाही रुडी जड, त्यामुळे तीही रिचर्डलाच नेणार. झालंही तसंच, केली जिंकली, तिने रुडीला काढलं, आणि रुडीने मत दिलं रिचर्डला. निकाल ४ विरुद्ध ३. ते एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर पैसे केलीचे होते. हे फळ्यावर आलं की गेम थिअरीचं, म्हणजे समोरचा काय करेल ते मोजून आपली चाल ठरवण्याच्या शास्त्राचं, अर्धं पुस्तक शिकवून झालं समज.

पण इथे एक काळजी घे. पोरं लगेच म्हणतील रिचर्ड जिनियस. तेव्हा त्यांना ग्रेग ब्यूसचं मत दाखव. त्याने दोघांना १ ते १० मधला आकडा निवडायला सांगितला, रिचर्ड म्हणाला ७, केली म्हणाली ३, आणि ग्रेगने मत रिचर्डला दिलं. एवढा डोक्याने खेळलेला डाव आणि शेवटी ७ मतांपैकी एकाचं हे असं. निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला होता असं नसतं, आणि हे पोरांना कळायला मला तरी सगळ्यात जास्त वेळ लागतो. त्यालाच जोडून २००१ चा दुसरा सीझन घे, कोल्बी डोनाल्डसन शेवटची स्पर्धा जिंकला, हरवायला सोपा वाटणाऱ्या कीथला न नेता टीना वेसनला सोबत नेलं आणि ४-३ ने हरला. मूर्खपणा की माणुसकी, यावर वर्ग भांडू दे, तू उत्तर देऊ नकोस.

कुणीतरी बिग बॉस मराठी काढणारच. काढू दे, चांगलंच आहे, कारण तिथे विजेता प्रेक्षक ठरवतात. सर्व्हायव्हरमध्ये ज्याला तू बाहेर काढलंस त्याच्याकडेच शेवटी मत मागायला जायचं असतं, म्हणून काढतानाही नीट बोलावं लागतं. इथे घरातल्यांशी कितीही वाकडं असलं तरी बाहेरचं पब्लिक तारून नेतं. नियम बदलला की माणूस बदलतो. आणि एडिटिंगचं सांगायला विसरू नकोस, कित्येक तासांचं शूटिंग कापून तासाभराचा एपिसोड होतो, त्यामुळे 'तो असाच आहे' असं कुणी म्हणालं की विचार, तुला हे कुणी दाखवलं?

आता एक गोष्ट जी मी चुकलो, तू करू नकोस. एका वर्षी मी वर्गातच खेळ लावला, खरीखुरी मतं, खरं बाहेर काढणं. पहिल्याच फेरीत एक मुलगी गेली, गावाकडून आलेली, कमी बोलणारी, पहिल्या बाकावर बसायची. तिची वही अजून डोळ्यासमोर आहे, समास आखून तारीख टाकलेली आणि खाली काहीच लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती मागे बसायला लागली, आणि सत्र संपेपर्यंत मागेच बसली. मी तिची माफी मागितली, पण पुढे आली नाही ती. तेव्हापासून माझ्या वर्गात मतं फक्त पडद्यावरच्या माणसांना.

पहिल्या तासाच्या चिठ्ठ्या फेकू नकोस. सत्राच्या शेवटी तोच प्रश्न परत विचार, आणि दोन्ही गठ्ठे घेऊन घरी ये, आपण बसून वाचू.

तुझा,
सर