तंजावरचा मराठ्यांचा राजवाडा मुद्दाम जाऊन पाहण्यासारखा आहे का? किती वेळ ठेवावा?

आहे. फक्त म्हैसूर डोक्यात ठेवून जाऊ नका. आम्ही आत शिरलो तेव्हा बायकोचा पहिला प्रश्न होता, "हाच का?" रंग उडालेल्या भिंती, कबुतरं आणि मधोमध मोकळं आवार. मराठा दरबाराचे रंगीत खांब तेवढे डोळ्यांत भरतात.

वाडा मुळात नायक राजांचा. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं, आणि १८५५ मध्ये कंपनी सरकारनं संस्थान खालसा करेपर्यंत तिथे भोसल्यांची गादी होती.

सगळ्यात जास्त वेळ वाड्यातल्याच कलादालनातल्या चोळकालीन ब्राँझमूर्तींना द्या. तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव चुकवू नका, साधारण १०११ सालचा. जटा पागोट्यासारख्या गुंडाळलेल्या, एक पाय दुसऱ्यावरून सहज टाकलेला, आणि उजवा हात नंदीच्या पाठीवर टेकलेला. नंदी मात्र नाही, कधीच हरवलाय! हात हवेतच टेकलाय आणि तरीही तोल जात नाही. मी तिथून हलेना, तेव्हा मुलगा बाहेर जाऊन शहाळं पिऊन आला.

मग सरस्वती महाल. दुसऱ्या सरफोजीराजांनी वाढवलेला हा ग्रंथसंग्रह. काशीयात्रेला गेले तर तिथूनही पोथ्या घेऊन आले, असा माणूस. मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदांचा मोठा साठा इथे आहे, पण तो अभ्यासकांसाठी. आपल्याला बाहेरचं छोटं दालन बघायला मिळतं. त्यात माणसांचे चेहरे आणि जनावरांची तोंडं शेजारी शेजारी काढलेली चित्रं आहेत. घुबडासारखा दिसणारा गृहस्थ आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची आठवण करून देतो, पण ते असो.

या सगळ्याला तीन तास पुरतात. सकाळीच जा, दुपारचं ऊन सोसवत नाही. तिकिटं वेगवेगळ्या ठिकाणी काढावी लागतात, सुटे पैसे जवळ असू द्या.

संध्याकाळ बृहदीश्वराच्या मंदिरासाठी राखा. रिक्षानं दहा मिनिटं. तिथे प्राकाराच्या, म्हणजे मंदिराभोवतीच्या आवाराच्या, भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास आहे, तोही मराठीत, देवनागरीत. सासरे बोट फिरवत मोठ्यानं वाचायला लागले. दोन शब्दांत जागाच सोडलेली नाही, त्यामुळे अडखळत होते. शेजारी एक तमिळ कुटुंब थांबून ऐकत होतं. अंधार पडला तेव्हा जेमतेम एक भिंत झाली होती.