उडता न येणारा सुपरमॅन

कॉमिकमधल्या एखाद्या सुपरहिरोवर पिरियड ड्रामा मालिका काढायची झाली तर कोणावर आणि कशी काढाल, असं तुम्ही विचारलं आहे. माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं आहे. सुपरमॅन. साल १९३८, गाव अमेरिकेतलं क्लीव्हलँड.

त्याला जुन्या काळात नेऊन बसवायची गरजच नाही. तो त्याच काळात जन्मला. जेरी सीगल आणि जो शूस्टर ही त्याला घडवणारी दोन पोरं क्लीव्हलँडच्या ग्लेनव्हिल भागातली, दोघांचाही जन्म १९१४चा, दोघांचीही घरं स्थलांतरित ज्यू कुटुंबांची. मंदीत पोट भरायची मारामार. जून १९३८च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात त्यांची १३ पानी गोष्ट आली. अंकाची किंमत १० सेंट. पात्राचे सगळे हक्क त्यांनी १३० डॉलरला देऊन टाकले होते.

त्या गोष्टीतल्या सुपरमॅनला उडता येत नाही. तो उडी मारतो. एका उडीत मैलाचा आठवा हिस्सा, म्हणजे साधारण २०० मीटर. एक्सप्रेस गाडीपेक्षा जोरात पळतो आणि फुटणाऱ्या तोफगोळ्याखेरीज कशानेही त्याची कातडी फाटत नाही. एवढंच. मला हा सुपरमॅन फार आवडतो, कारण उडी मारणाऱ्याला खाली यावंच लागतं. कुणाच्या तरी गच्चीवर, कपडे वाळत घातलेल्या दोरीवर, कोळशाच्या वखारीत. दर २०० मीटरला त्याचा पाय शहराला लागतो, आणि पाय लागतो तिथे माणसं दिसतात. पोलिश, हंगेरियन, स्लोव्हेनियन, यिडिश बोलणारी. मालिकेत या भाषा तशाच ऐकू याव्यात. पोशाख सर्कशीतल्या पहिलवानांवरून घेतलेला होता, तो मी लोकरीचा, घरी शिवलेला, पावसात भिजून जड होणारा ठेवेन.

आणि त्याचे शत्रू बघा. पहिल्याच अंकात तो निर्दोष बाईची फाशी थांबवायला मध्यरात्री गव्हर्नरच्या घरात घुसतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धरतो, युद्ध पेटवू पाहणाऱ्यांशी संगनमत केलेल्या सिनेटरच्या मागे लागतो. परग्रहावरचे राक्षस नाहीत.

तिसऱ्या अंकातली खाणीची गोष्ट मी एक अख्खा भाग देऊन करेन. खाण कोसळते, एक मजूर कायमचा जायबंदी होतो. मालक म्हणतो, हलगर्जी त्याचीच. मग सुपरमॅन खाणमजुराचे कपडे घालतो आणि मालक मेजवानीतल्या पाहुण्यांसकट खाणीत उतरतो तेव्हा छत पाडतो. मालक धोक्याचा इशारा द्यायला जातो, तर ती यंत्रणाच चालत नाही. शेवटी ते सगळे हातात कुदळी घेऊन खणू लागतात आणि थोड्याच वेळात गळून पडतात. कॉमिकमध्ये हे मोजक्या चौकटींत उरकलं आहे. मी कॅमेरा तिथेच ठेवेन. रेशमी झग्याच्या कडेला चढत गेलेला काळा चिखल, कुदळीच्या दांड्याने फुटलेले तळहात, मंद होत चाललेला दिवा. आणि कोपऱ्यात हाताची घडी घालून बसलेला एक मजूर, जो मनात आणलं तर आत्ता उठून वाट मोकळी करू शकतो. तो उठत नाही. सुपरमॅनची ताकद मला याहून जास्त कशातच दिसलेली नाही.

मालिकेचा कणा मात्र झोपडपट्टीचा. इथे इतिहास आणि कॉमिक इतके जवळ येतात की मला राहवत नाही. एलियट नेस, शिकागोत अल कपोन या गुंडाच्या धंद्यावर छापे घालणारा, १९३५पासून क्लीव्हलँडचा सुरक्षा संचालक होता. शहरात तेव्हा माणसांची मुंडकी उडवून प्रेतं टाकणारा एक खुनी सापडत नव्हता. ऑगस्ट १९३८मध्ये नेसने किंग्जबरी रन भागातल्या बेघरांच्या झोपड्यांवर छापा घातला, माणसं पकडून नेली आणि झोपड्या जाळून टाकल्या. खुनी सापडला नाहीच. त्यानंतर काही महिन्यांनी, जानेवारी १९३९च्या अंकात, सुपरमॅन एक गलिच्छ वस्ती स्वतःच्या हातांनी पाडतो, का, तर सरकारला तिथे चांगली घरं बांधावीच लागावीत म्हणून. हे निव्वळ स्वप्नरंजन नव्हतं. देशातल्या अगदी पहिल्या सरकारी घरयोजनांपैकी एक, सीडर-सेंट्रल, १९३७मध्ये क्लीव्हलँडमध्येच उभी राहिली होती.

दोघांनीही गरिबांची घरं पाडली. एकाने कायद्याच्या नावाखाली, दुसऱ्याने कायदा मोडून. कॉमिक लगेच नव्या इमारतींवर उडी घेतं. मालिकेने मधल्या रात्री त्या माणसांबरोबर थांबावं. भांडी, गादी आणि म्हातारी आई घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या बाईने त्याला विचारावं की बाबा, घर बांधून होईपर्यंत आम्ही निजायचं कुठे? त्याच्याकडे उत्तर नसावं.

आता क्लार्क केंटची, म्हणजे साध्या कपड्यांत बातमीदार म्हणून वावरणाऱ्या सुपरमॅनची नोकरी. ही बाजू मला जिवाभावाची आहे, कारण माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, हातातल्या पट्टीत उलटे लावत जायचे आणि उलटंच भराभर वाचायचे. त्यांच्या अंगठ्याच्या रेषा कायम काळ्या असत. सुरुवातीच्या गोष्टींत क्लार्कचं वर्तमानपत्र 'डेली प्लॅनेट' नसून 'डेली स्टार' आहे. तिथला शिशाच्या अख्ख्या ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्रांचा खडखडाट, वितळलेल्या शिशाचा वास, ओतून निघालेली गरम ओळ, हे सगळं दिसायला हवं. हा माणूस एक्सप्रेस गाडीला मागे टाकेल, पण त्याची बातमी छापून सकाळीच बाहेर पडणार. खाणमालकाचं बिंग फुटायला रात्र जावी लागणार.

क्लार्कच्याच वर्तमानपत्रातल्या लोइस लेनला तर मी जवळजवळ मालिकेची नायिकाच करेन. पाचव्या अंकात धरण फुटायच्या बेतात असतं, ती बातमी मागते आणि संपादक तिला तोंडावर सांगतो की हे पोरीचं काम नाही. ती क्लार्कला चकवून एकटी निघते. ती गाडी, तो पाऊस, तिचं चिडणं, यात कुठल्याही महाशक्तीइतकाच दम आहे.

शेवट १९४०च्या सुमारास. त्या फेब्रुवारीत सुपरमॅन रेडिओवर आला, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत रेडिओ, कार्टूनपट आणि कॉमिक, सगळीकडेच तो हळूहळू खरोखर उडू लागला. माझ्या शेवटच्या दृश्यात तो त्याच पाडलेल्या वस्तीतून उडी मारतो. पोरांना एव्हाना अंदाज आलेला असतो की तो कुठे उतरतो, म्हणून ती दोन गल्ल्या सोडून कोळशाच्या वखारीपाशी पळत जातात आणि माना वर करून उभी राहतात. कॅमेरा त्यांच्यावरच राहतो. बराच वेळ. तो खाली येत नाही.