गॅरेजमधून : जुन्या मस्टँगला कोणतं इंजिन?

प्रश्न : नमस्कार काका. आमच्याकडे १९६६ची फोर्ड मस्टँग आहे. वडिलांनी घेतली तेव्हाच तिच्यात डिझेल इंजिन होतं. मूळचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आधीच्या मालकाने मायलेजसाठी काढून टाकलं होतं. आता पत्र्याचं काम संपत आलंय आणि तिला शोभेल असं जोरदार व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) बसवायचं आहे, निदान ४०० हॉर्सपॉवरचं. एक मित्र म्हणतो, नव्या मस्टँगचं पाच लिटरचं ‘कोयोटी’ घे. दुसरा म्हणतो, अमेरिकेतून ३४७ क्युबिक इंचांचं तयार इंजिन मागव. गाडी रविवारी मरीन ड्राइव्हला आणि अधूनमधून लोणावळ्याला जाईल. काय घेऊ?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : दोन्ही घेऊ नका. का ते सांगतो.

तुमची गाडी जन्माने सिक्स आहे. फोर्डने त्या साली सिक्स आणि व्ही-८ यांना बाहेरून एकच रूप दिलं, खाली मात्र बराच फरक ठेवला. व्हीलकॅप काढून नट मोजा : सिक्सला चार, व्ही-८ला पाच. सिक्सचे ड्रम लहान, मागच्या अ‍ॅक्सलचं हाउजिंग हलकं. मास्टर सिलिंडर तर १९६६ला दोन्ही गाड्यांना एकाच खणाचा होता, म्हणजे एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन खणांचा मास्टर सिलिंडर १९६७पासून आला. या ब्रेकवर १२० हॉर्सपॉवरची गाडी चालत होती. ४०० घेऊन तुम्ही खंडाळ्याचा घाट उतरणार आहात, याची मला खरंच काळजी वाटते. म्हणून पहिला खर्च पाच नटांचे हब, पुढे डिस्क ब्रेक, दोन खणांचा मास्टर सिलिंडर आणि व्ही-८चं आठ इंची हाउजिंग यांवर करा. त्यानंतर उरतील त्या पैशांत इंजिन.

आता ते ४०० घोडे. १९७२च्या आधीचे अमेरिकन आकडे ‘ग्रॉस’ असत : एअर फिल्टर, पूर्ण सायलेन्सर, अल्टरनेटरचा भार यांपैकी काही न लावता टेस्ट बेंचवर मोजलेले. तुमच्या सालच्या चार बॅरल कार्बोरेटरवाल्या २८९ क्युबिक इंचांच्या इंजिनाचे २२५ घोडे असे मोजलेले आहेत. १९८७ ते ९२च्या मस्टँगमधल्या पाच लिटर ‘एचओ’चेही (हाय आउटपुट) २२५च, पण ते ‘नेट’, सगळं सामान लावून मोजलेले. रस्त्यावर दुसरं इंजिन सरळ उजवं ठरतं.

तेच मी सुचवतो. ते फोर्डच्या जुन्या ३०२ क्युबिक इंचांच्या इंजिनाचंच वंशज आहे, ब्लॉकची उंची २८९इतकीच, त्यामुळे व्ही-८ची माउंटिंग मिळवली की बॉनेटखाली व्यवस्थित बसतं. कॉम्प्रेशन ९च्या आसपास, म्हणून आपल्या साध्या पेट्रोलवर ठोकत नाही. कोयोटीची क्षमताही पाच लिटरच, पण प्रत्येक हेडवर दोन कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) असल्याने ते इतकं रुंद आहे की १९६६च्या गाडीत शॉक टॉवर कापावे लागतात. पुढच्या स्प्रिंगचा सगळा भार त्याच टॉवरवर असतो. इतकी वर्षं टिकलेली बॉडी तिथे कापायला मी कुणालाही सांगणार नाही. ३४७ म्हणजे ३०२च्याच ब्लॉकमध्ये स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३ इंचांवरून ३.४ इंच केलेला. इंजिन उत्तम, पण ४०० घोड्यांसाठी त्यात मोठा कॅम घालतात. मे महिन्यात वेस्टर्न एक्सप्रेस हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असताना तो कॅम स्लोवर धड चालत नाही, आणि व्हॅक्यूम पडल्याने ब्रेकचा बूस्टर लावला असेल तर पेडल जड होतं.

एचओ बसवताना मिस्त्रीला चार गोष्टी आवर्जून सांगा. त्याचं ऑइल चेंबर मागे खोल आहे, तुमच्या गाडीला पुढे खोल असलेलं लागतं. चेंबरबरोबर ऑइल पंपाची सक्शन नळीही बदला. फ्लायव्हील आणि पुढची डॅम्पर पुली ५० औंस बॅलन्सचीच हवी. जुन्या २८९ची २८ औंसांची बोल्टला बरोबर बसते, पण इंजिन हादरत राहतं आणि बेअरिंग खातं. फायरिंग ऑर्डर १-३-७-२-६-५-४-८ आहे. जुन्या मॅन्युअलप्रमाणे वायरी लावल्या तर कार्बोरेटरमधून भडके येतील. आणि वॉटर पंप : एचओचा मूळ पंप उलटा फिरतो. साधा व्ही-बेल्ट लावणार असाल तर टायमिंग कव्हरसकट जुन्या पद्धतीचा पंप घ्या. गाडी गरम होते म्हणून लोक रेडिएटर बदलत बसतात, आणि पंप भलत्या दिशेने फिरत असतो.

ई-२० पेट्रोलसाठी फ्युएल पंपापासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला, जेट थोडे मोठे करा.

ऑर्डर देण्याआधी आरसी बुक उघडा. त्यावर डिझेल चढलंय की मूळचं पेट्रोलच आहे? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे असा बदल आपल्या मर्जीने करता येत नाही. अंधेरी आरटीओत इंजिन नंबरासकट अर्ज करून लेखी मंजुरी आधी घ्या. नाही मिळाली तर व्ही-८चा विचार तिथेच सोडावा लागेल. दुसरं म्हणजे २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, पण चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी अट आहे, आणि ती गाडी नेहमीच्या वापराला चालत नाही. तुमचा कल तिकडे असेल तर मूळचं २०० क्युबिक इंचांचं सिक्स शोधा. मी तेही तितक्याच आवडीने बांधून देईन.

प्रश्न : माझ्या शेवरलेसाठी मागवलेल्या इंजिनाच्या कागदावर ‘किमान ९३ ऑक्टेन’ लिहिलंय. पंपावर ९५ मिळतं, म्हणजे झालंच ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. अमेरिकेत पंपावर रॉन आणि मॉन या ऑक्टेनच्या दोन मोजमापांची सरासरी लिहितात, आपल्याकडे फक्त रॉन. तिकडचं ९३ म्हणजे आपलं साधारण ९८. ९५वर चालवलंत तर चढावर इंजिन ठोकेल आणि पिस्टन जातील. मोजक्या पंपांवर १०० ऑक्टेन मिळतं, ते भरा. कायम ते परवडणार नसेल, तर इंजिन बसवण्याआधीच जाड हेड गॅस्केट किंवा डिश असलेले पिस्टन घालून कॉम्प्रेशन उतरवून घ्या.